पुराआधी छतावरची तार तपासा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मे उजाडला की कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरची ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी पुन्हा सगळ्यांच्या तोंडी येते. बोटी, दोर, लाइफ जॅकेट, जनरेटर यांची मोजदाद सुरू होते. त्यात अधूनमधून हॅम रेडिओचेही, म्हणजे परवानाधारक हौशी लोकांच्या बिनतारी संपर्काचेही, नाव निघते, आणि निघाले की पहिला प्रश्न ठरलेला : सेट कुठला घ्यायचा? लो बँडवर, म्हणजे १६०, ८० आणि ४० मीटरच्या (साधारण १.८, ३.६ आणि ७ मेगाहर्ट्झच्या) पट्ट्यांवर, हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा आहे. वीस वर्षांचा जुना सेटही तिथे चोख काम करतो. अडते ते छतावरच्या तारेपाशी, खाली येणाऱ्या केबलपाशी आणि घरातल्या-शेजारच्या विजेच्या उपकरणांच्या खरखरीपाशी. या तिन्हींची दुरुस्ती पाऊस लागायच्या आतच होते. म्हणून हे पत्र. तपशिलात शिरायचे असल्याने जरा लांबलचक.

लो बँडच का, तेही सांगायला हवे. हातात धरायचा व्हीएचएफ (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) सेट नजरेच्या टप्प्यापुरताच बोलतो. मध्ये डोंगराचा एक खांदा आला की संपले. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. अशा वेळी शहराबाहेरचे, घाटापलीकडचे ठिकाण गाठायचे तर आकाशाचाच आधार. दिवसा ४० मीटरवर आणि संध्याकाळनंतर ८० मीटरवर लहरी जवळजवळ सरळ वर जातात, आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परततात आणि छत्री उघडावी तशा चहूबाजूंना ३००-४०० किलोमीटरपर्यंत उतरतात. गगनबावडा, रत्नागिरी, बेळगाव, पुणे, मुंबई सगळे या छत्रीखाली येते. आपल्या भागासाठी आणीबाणीची ठरवलेली ३६०० आणि ७११० किलोहर्ट्झ ही ठिकाणे याच दोन पट्ट्यांत आहेत.

लहरी सरळ वर जायच्या असतील तर तार फार उंच नको, आणि उभी तर नकोच. उभ्या अँटेनाला नेमके डोक्यावरच ऐकू येत नाही. ती दूरदेशीच्या गप्पांना चांगली, गगनबावड्याला कुचकामी. ४० मीटरसाठी सहा-आठ मीटर आणि ८० मीटरसाठी आठ-बारा मीटर उंचीवरचा साधा डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली दोन समान भागांची तार, पुरतो. ही उंची मोजताना मात्र फसगत होते. तीन मजली घराच्या स्लॅबवर दोन मीटरच्या काठीवर तार ओढली म्हणजे ती बारा मीटर उंच झाली, असे नाही. स्लॅबमधल्या सळ्यांची जाळी रेडिओच्या दृष्टीने जमिनीसारखीच वागते. म्हणजे तार दोनच मीटर उंच आहे असे समजायचे. तशी तार तापवते जास्त, बोलते कमी, आणि खालच्या घरातल्या वायरिंगची सगळी खरखर गोळा करते.

लांबीचे गणित तोंडपाठ असावे : १४३ भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर मीटरमध्ये. ७.१ साठी एकूण २०.१४ मीटर, म्हणजे एका बाजूला १०.०७. ३.६ साठी एका बाजूला १९.८६. तार घरगुती वायरिंगची, पीव्हीसी चढवलेली असेल तर ती तीन ते पाच टक्के जास्त लांबीची वागते, म्हणजे शेवटी थोडी कमीच ठेवावी लागते. तरी सुरुवातीला १०.४ आणि २०.५ मीटर कापावी आणि मग टोके मागे दुमडून त्याच तारेला गुंडाळत यावे. कात्री लगेच चालवू नये. दुमडलेला तुकडा लांबीतून जवळपास वजाच होतो, आणि चुकले तर उलगडता येतो. ४० मीटरवर प्रत्येक बाजूला सात सेंटिमीटर कमी केले की साधारण ५० किलोहर्ट्झ वर सरकते; ८० मीटरवर तेवढ्यासाठी २८ सेंटिमीटर लागतात. ही मापणी कोरड्या दिवशी करावी. भर पावसात पीव्हीसी चढवलेली तार ओली होऊन अँटेना आपसूक खाली सरकते. तेव्हा कापून जुळवली की दिवाळीत ती बँडच्या वर गेलेली सापडते.

तांब्याची मऊ तार ताणाखाली लांबत जाते, म्हणून ओढलेली कडक तांब्याची १४ गेजची तार बरी. ती नसेल तर अडीच स्क्वेअर एमएमची घरगुती वायर चालेल, पण पहिल्या महिन्यात ती दोनदा पुन्हा मोजावी लागेल.

इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे उलट्या V सारखी टांगलेली तार, आपल्याकडे सर्वांत सोयीची, कारण खांब एकच लागतो. मधला बिंदू नऊ मीटरवर आणि टोके तीन मीटरवर आणली तर ४० मीटरच्या तारेचा मधला कोन १०५ अंशांच्या आसपास राहतो. कोन ९० च्या खाली नेऊ नये. टोके अडीच-तीन मीटरच्या खाली आणायची नाहीत, कारण बोलताना तिथे विजेचा दाब सर्वांत जास्त असतो आणि हात लागला तर भाजते. ८० मीटरची तार मात्र सरळ पसरायला ३८ मीटर मागते. राजारामपुरीच्या किंवा मंगळवार पेठेच्या प्लॉटमध्ये एवढी जागा मिळणे कठीण. तेव्हा प्रत्येक टोकाचे शेवटचे चार-पाच मीटर बाजूला वळवावेत किंवा खाली सोडावेत. प्रवाह मध्यभागी जास्त आणि टोकाशी नगण्य असतो, त्यामुळे टोक वाकवल्याने फारसे बिघडत नाही. मध्य वाकवला तर बिघडते.

मधला इन्सुलेटर विकतच हवा असे नाही. स्वयंपाकघरातला पांढरा प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड दहा बाय पंधरा सेंटिमीटर कापला की उत्तम काम होते. त्याला पाच भोके : दोन तारांना, दोन स्टेनलेसच्या एम-६ बोल्टना, एक वर टांगायला. केबल बोर्डाला वेटोळे देऊन बांधावी. तिचे वजन सोल्डरवर किंवा कनेक्टरवर येता कामा नये. तांब्याची तार थेट जीआयच्या (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या) बोल्टवर आवळू नये. पावसाळ्यात दोन धातूंची बॅटरी तयार होते, जस्त खाल्ले जाते आणि दुसऱ्या वर्षी सांध्यात पांढरी भुकटी उरते. टोकांना चिनीमातीचे अंडे (अंड्याच्या आकाराचा इन्सुलेटर) आणि पुढे पॉलिएस्टरची दोरी. पिवळा-निळा नायलॉन उन्हात दोन वर्षांत ठिसूळ होतो आणि नेमका पहिल्या वळवाच्या वाऱ्यात तुटतो. टोक झाडाला बांधले असेल तर कप्पी लावून पाच लिटरच्या पाण्याच्या कॅनचे वजन द्यावे. झाड झुलले की कॅन खालीवर होतो, तार तुटत नाही. खांबाचे ताण लोखंडी तारेचे असतील तर त्यात दर तीन-चार मीटरवर अंडे घालून ते तोडावेत; दहा किंवा वीस मीटरचा सलग ताण स्वतःच ७ मेगाहर्ट्झचा अँटेना होऊन बसतो.

आणि खांब पडला तर विजेच्या तारेवर पडणार नाही, एवढे अंतर हवेच : खांबाच्या उंचीच्या किमान दीडपट. तारेखालून, तारेवरून अँटेना नेऊ नये. यात तडजोड नाही.

आता केबल. इथे गैरसमज भरपूर आहेत. व्हीएचएफवाल्यांच्या सवयीने लोक लो बँडलाही जाडजूड महागडी केबल शोधतात. आरजी-५८ या बारीक केबलचे तीस मीटर ७ मेगाहर्ट्झवर साधारण एक डेसिबल खातात. म्हणजे १०० वॉटमधले ७५-८० वर पोचतात. पलीकडच्या माणसाला हा फरक कानाने कळतही नाही. हीच केबल १४५ मेगाहर्ट्झवर पाऊण शक्ती गिळते, म्हणून तिथे ती वाईट. जाड आरजी-२१३ ला लो बँडवर घ्यायचे कारण असेल तर तिचा टिकाऊपणा.

टीव्हीची आरजी-६ सुद्धा चालते. ती ७५ ओहमची असली तरी बिघडत नाही. ७५ ओहमच्या भारावर सेटच्या बाजूला एसडब्ल्यूआर (किती शक्ती परत येते याचे माप; एक म्हणजे काहीच नाही) फार तर दीड दिसेल. पण घेण्याआधी खिशात चुंबक ठेवावे. मधली तार चुंबकाला चिकटली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी तार आहे. डिशच्या कंप्रतांवर (फ्रिक्वेन्सींवर) प्रवाह मुलाम्यातूनच जातो, तिथे काही फरक नाही. १.८ मेगाहर्ट्झवर मात्र प्रवाह तांब्यात सुमारे पन्नास मायक्रॉन खोल उतरतो. मुलामा त्याहून पातळ असेल तर तो पोलादात शिरतो आणि शक्ती उष्णतेत जाते. आरजी-६ ची ॲल्युमिनियमची जाळी सोल्डरही घेत नाही. तिला दाबून बसवायचे एफ-कनेक्टरच लावावे लागतात.

केबलचा खरा शत्रू पाणी. आरंभ कुठे होतो? नेहमी वरच्या टोकाला, जिथे आवरण सोलून मधली तार एका बाजूला आणि जाळी दुसऱ्या बाजूला काढलेली असते. ते उघडे तोंड म्हणजे दिव्याची वात. जाळी पाणी शोषते आणि आवरणाच्या आतून मीटर-दोन मीटर खाली नेते. बाहेरून केबल नवीकोरी दिसते. वरच्या टोकापासून हातभर खाली ब्लेडने पाच सेंटिमीटर आवरण उभे चिरून पाहावे. जाळी लालसर चकचकीत असेल तर ठीक. चॉकलेटी किंवा काळी असेल, हिरवट भुकटी असेल, तर ती सोल्डरही धरणार नाही. तिथून खाली चकचकीत तांबे लागेपर्यंत कापत जावे. बहुतेक वेळा सगळी केबल बदलणेच स्वस्त पडते.

इथे एसडब्ल्यूआर मीटर चक्क खोटे बोलतो. पाणी प्यालेली केबल जाणारी शक्तीही खाते आणि परत येणारीही, त्यामुळे सेटपाशी एसडब्ल्यूआर दरवर्षी सुधारतच जातो. माणूस खूश, अँटेना मेलेला. खरी परीक्षा अशी : केबल वरून सोडवावी, टोक उघडे ठेवावे आणि खालून ७ मेगाहर्ट्झवर एसडब्ल्यूआर मोजावा. अलीकडे नॅनोव्हीएनए हे हातात मावणारे यंत्र स्वस्तात मिळते, त्याने हे दोन मिनिटांत होते. फक्त आधी उघडे, शॉर्ट आणि ५० ओहम या तिन्ही टोप्या लावून ते कॅलिब्रेट करावे. उघड्या टोकावर सगळी शक्ती परत यायला हवी, म्हणून आकडा जितका वाईट तितकी केबल चांगली. तीस मीटर निरोगी आरजी-५८ आठच्या आसपास दाखवते. तीन किंवा त्याखाली आले तर जाताना निम्मी शक्ती केबलमध्येच मुरते आहे. दोन्ही टोके मोकळी करून मधली तार आणि जाळी यांत ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचे यंत्र) लावला तर ओल लगेच कळते : कोरडी केबल शेकडो मेगओहम दाखवते.

केबल सेटला जोडणाऱ्या पीएल-२५९ कनेक्टरच्या बाबतीत आळस होतो तो जाळीच्या सोल्डरचा. मधली पिन भरतात आणि जाळी नुसती आत दाबून आवळतात. महिनाभर चालते, मग ऑक्साइड धरते आणि केबल हलवली की आवाज येतो-जातो. कनेक्टरच्या अंगावरची भोके जाळी सोल्डर करण्यासाठीच असतात. २५ वॉटच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने ते पितळ तापत नाही. तापेपर्यंत आतले पॉलिथिन वितळून मधली तार सरकते. ६० ते १०० वॉटची जाड टोकाची इस्त्री, आधी कानसीने घासलेले अंग, आणि काम दहा-पंधरा सेकंदांत. बारीक केबलला आत घालायचा अडॅप्टर वेगळा मिळतो, तो विसरू नये. काम झाले की मल्टिमीटरने पिन आणि अंग यांत शॉर्ट नाही ना, हे केबल वाकवून पाहावे.

वॉटरप्रूफिंगसाठी नुसती काळी इन्सुलेशन टेप म्हणजे पाणी आत कोंडायची सोय. आधी आपोआप एकजीव होणारी रबर टेप दुप्पट ताणून, अर्धा-अर्धा थर चढवत गुंडाळावी. त्यावर उन्हापासून वाचवायला पीव्हीसी टेप. गुंडाळणे नेहमी खालून वर, म्हणजे थर कौलांसारखे बसतात आणि पाणी सांध्यावरून ओघळते. व्हिनेगरसारखा उग्र वास येणारे सिलिकॉन तांब्यावर लावू नये, त्यातले आम्ल तांबे खाते. घरात शिरण्यापूर्वी केबलला खाली झोळ द्यावा, थेंब तिथेच गळतात. नाहीतर केबलवरून आलेले पाणी थेट सेटच्या पाठीत.

हे सगळे नीट केले तरी अर्धेच काम झाले. बोलणे पोचते, पण ऐकू येत नाही, ही आज शहरातल्या लो बँडची मुख्य तक्रार आहे. एस-मीटरवर, म्हणजे सेटवरच्या सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या मापकावर, एक एस म्हणजे सहा डेसिबल. घरातली खरखर एस-८ वरून एस-६ वर आणली तर बारा डेसिबलची कमाई झाली. समोरच्या ५० वॉटच्या स्टेशनने ८०० वॉट लावल्याइतकी. परवान्यात एवढे वॉट मिळत नाहीत आणि पुरात बॅटरीवर तर नाहीच. खरखर कमी करणे हाच स्वस्तातला ॲम्प्लिफायर आहे.

पण ती कुठून येते हे न शोधताच फिल्टर विकत घेतले जातात : आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. क्रम असा ठेवावा. सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर घ्यावा. यूपीएसमधली सात अँपिअर-अवरची बॅटरी ऐकण्यापुरती पुष्कळ. अँटेनाचा प्लग काढला की खरखर गेली पाहिजे. मग प्लगचे फक्त बाहेरचे कडे सेटला टेकवावे, पिन आत जाऊ देऊ नये. एवढ्यानेच खरखर आली तर ती केबलच्या जाळीवरून चढून येते आहे, अँटेनातून नाही. पक्के करायचे तर वर केबल तारेपासून सोडवून टोकाला ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रोध) लावावा. तरीही ऐकू आली तर दोषी जाळीच.

यावरचा उपाय चोक, म्हणजे जाळीच्या बाहेरून येणारा प्रवाह अडवणारे केबलचे वेटोळे. एफटी-२४० आकाराच्या, ३१ नंबरच्या मिश्रणाच्या फेराइट कड्यातून आरजी-५८ चे बारा-चौदा वेढे. एक चोक वर तारेच्या जोडणीपाशी, दुसरा सेटच्या जवळ. ४३ नंबरचे कडे ४० मीटरला चालते, पण ८० आणि १६० ला ३१ सरस. पीव्हीसी पाइपवर नुसती केबल गुंडाळून केलेला चोक वरच्या बँडना ठीक, ८० आणि १६० ला लंगडा. चार्जरच्या वायरवर टिचकी मारून बसवायचे फेराइटचे मणी विकतात, त्यातून वायर एकदाच गेली तर ३.५ मेगाहर्ट्झवर अडथळा काही दहा ओहमचाच. पण अडथळा वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो. त्याच कड्यातून दहा वेढे घातले की शंभरपट. म्हणून मणी दहा घेण्यापेक्षा मोठे कडे एक घ्यावे.

दोषी जाळी नसेल तर घराचा मेन स्विच बंद करून ऐकावे. इथे दोन सापळे आहेत. आधी घरातला इन्व्हर्टर मुद्दाम बंद करावा. नाहीतर मेन पडताच तो सुरू होतो आणि स्वतःची भर घालतो, मग माणूस म्हणतो, मेन बंद करूनही फरक नाही. दुसरे, छतावर ग्रिडला जोडलेली सोलर यंत्रणा असेल तर मेन गेल्याबरोबर तिचा इन्व्हर्टर थांबतो. खरखर सोलरची असते आणि खापर फुटते एलईडी दिव्यांवर. तेव्हा मेनची चाचणी सूर्यास्तानंतर पुन्हा एकदा करावी. त्यानंतर एमसीबी एकेक करून चढवत जावे आणि प्रत्येक वेळी मीटरचा आकडा लिहून ठेवावा.

कानालाही ओळख पटते. दर ५०-१०० किलोहर्ट्झवर समान अंतराने येणारे, हळूहळू सरकणारे खरखरीत उंचवटे म्हणजे स्विचिंग सप्लाय : चार्जर, राउटरचा अडॅप्टर, सीसीटीव्हीचा डबा. जाळीदार पत्र्यातला, एलईडी पट्ट्यांसाठीचा १२ व्होल्टचा सप्लाय अनेक जण सेटलाच लावतात. आधी तोच बाजूला करून पाहावा. पंख्याचा गोल, अखंड फिरणारा रेग्युलेटर सेकंदाला शंभर खटके देणारी घरघर करतो आणि बटण फिरवले की तिचा सूर बदलतो. टप्प्याटप्प्यांचा, आत कपॅसिटर असलेला रेग्युलेटर करत नाही. तो बदलणे दहा मिनिटांचे काम. सूर्याबरोबर उगवणारी आणि मावळणारी खरखर सोलरची किंवा सौर कृषिपंपाच्या कंट्रोलरची. साधारण सेकंदाला एक ‘टक’ म्हणजे शेतातल्या कुंपणाचे झटका मशीन. यंत्र निर्दोष असते. तारेला गवत टेकलेले असते, इन्सुलेटर तडकलेला असतो किंवा तार नुसती पिळून जोडलेली असते, तिथे ठिणगी पडते. गवत काढून सांधा क्लॅम्पने आवळला की टकटक जाते आणि कुंपणाचा झटकाही पुन्हा जोरात लागतो, त्यामुळे शेतकरी सहसा नाराज होत नाही.

सोलरविषयी थोडे अधिक, कारण २०२४ पासून सूर्यघर योजनेमुळे छतोछती पॅनेल दिसू लागली आहेत आणि ते चांगलेच आहे. आवाज पॅनेल करत नाही. इन्व्हर्टरमधली स्विचिंगची धडपड डीसी वायरींवर चढते आणि त्या वायरी अँटेनासारख्या वागतात. प्लसची वायर एका भिंतीने आणि मायनसची दुसऱ्या भिंतीने नेली की मध्ये मोठे रिंगण तयार होते, म्हणजे आयती लूप अँटेना. बसवतानाच दोन्ही वायरी जोडीने, शक्यतो अर्थ केलेल्या जीआय पाइपातून आणि लहानात लहान वाटेने नेल्या तर निम्मा त्रास जागीच संपतो, आणि यासाठी खर्च शून्य. इन्व्हर्टरजवळ दोन्ही वायरी एकत्र फेराइट कड्यांतून चार-सहा वेढे नेता आल्या तर आणखी उत्तम. शेजाऱ्याने हे आधी सांगितले तर बसवणारे ऐकतात. नंतर कोणी ऐकत नाही. बसवून झालेल्या यंत्रणेचे कनेक्टर मात्र स्वतः कधीही ओढू नयेत. तिथे शेकडो व्होल्टचा डीसी असतो आणि चालू भारावर प्लग ओढला तर ज्वाला धरते. आपला अँटेना पॅनेलपासून दहा मीटर तरी लांब आणि डीसी वायरींना काटकोनात ठेवणे, हे आपल्या हातात आहे.

राहिली खांबावरची घरघर. सगळ्या बँडवर सारखीच, शंभर खटक्यांची, कोरड्या वाऱ्यात जोरात आणि पहिल्या सरीला गप्प होणारी असेल तर ती महावितरणच्या लाइनवरची ठिणगी आहे : सैल पिन, तडकलेला इन्सुलेटर, ढिला जंपर, सैल डीओ (ड्रॉप-आउट) फ्यूज. साधा मीडियम वेव्ह ट्रान्झिस्टर मोकळ्या जागी ट्यून करून फिरवावा. आतल्या फेराइट दांड्याचे टोक आवाजाच्या दिशेला आले की आवाज बुडतो. दोन-तीन ठिकाणांहून अशा रेषा काढल्या की गल्ली ठरते. पण लाइनवरून आवाज दूर वाहत येत असल्याने नेमका खांब कळायला वरची कंप्रता लागते. १३५ मेगाहर्ट्झच्या आसपास एएमवर ऐकणारा छोटा सेट आणि हातातला यागी (एकाच दिशेचे ऐकणारा अँटेना) घेऊन चालावे. तिथला आवाज खांबाजवळच येतो. खांबाला हातोडा मारून पाहायचा जुना उद्योग करू नये आणि ताणाच्या तारेला हातही लावू नये. खांब क्रमांक, तारीख, वेळ आणि हवा कोरडी होती की ओली एवढे लिहून तक्रार द्यावी. ‘रेडिओला त्रास होतो’ असे लिहिले तर कागद फिरत राहतो. ‘अमुक खांबावर ठिणगी पडते आहे’ असे लिहिले तर लाइनमनला ते आपले काम वाटते, आणि ते असतेच. आज ठिणगी पडणारा पिन उद्या त्या फीडरचा फॉल्ट असतो.

उलटा त्रासही होतो, तो लपवण्यात अर्थ नाही. गणेशोत्सवात मंडळाच्या स्पीकरमधून आरतीच्या मध्येच ‘सीक्यू, सीक्यू’ (कोणी आहे का, अशी हॅमची हाक) ऐकू आले तर दोष द्यायचा कोणाला? स्पीकरची दहा-वीस मीटर लोंबणारी वायर ही नेमकी ४० किंवा ८० मीटरची पाव लहर होते आणि ॲम्प्लिफायर तिच्यावर आलेला सिग्नल आवाजात बदलतो. ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी वायरचे दहा वेढे फेराइट कड्यातून दिले की बहुतेक प्रकरण मिटते. दोन-तीन कडी पिशवीत घेऊन स्वतः मंडळात जावे. भांडायला कोणी येण्याची वाट पाहू नये. गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडचे गंजलेले सांधेही असाच खोडसाळपणा करतात, पत्रे आणि जे-बोल्ट घासून आवळले की थांबतात.

वळवाच्या विजा कडाडू लागल्या की केबल सेटपासून काढून खिडकीबाहेर टाकावी. काढलेले टोक टेबलाखाली ठेवणे म्हणजे वीज घरात बोलावणे. सेटची अर्थिंग घराच्या अर्थिंगशी जोडलेली असावी, वेगळा खड्डा करून ती सुटी ठेवू नये. दोन अर्थमधला फरक विजेच्या वेळी सेटमधून वाट काढतो.

शेवटी एक विनंती थेट आपल्याला. मान्सूनपूर्व दुरुस्तीसाठी महावितरण एकेका भागाचा पुरवठा काही तास बंद ठेवते. ते तास लो बँडवाल्यांना सोन्यासारखे असतात. सगळी गल्ली गप्प असते, सेट बॅटरीवर असतो आणि मीटर त्या जागेची खरी, निसर्गाचीच खरखर दाखवतो. तो आकडा आणि पुरवठा परत आल्यावरचा आकडा यांतले अंतर, म्हणजे दुरुस्त करता येण्यासारखी खरखर किती ते कळते. एकदा दुपारी आणि एकदा अंधार पडल्यावर मोजून वहीत लिहावे. ८० मीटरवर रात्री निसर्गाचीच सटसट वाढते, तिला शेजाऱ्याच्या माथी मारू नये. तेव्हा ‘आज वीजपुरवठा बंद’ ही चौकट आपण त्याच सकाळी छापता, ती भागांच्या आणि फीडरच्या नावांसह आदल्या दिवशीच्या अंकात देता आली तर बॅटरी रात्रीच चार्ज करून ठेवता येईल.

आपले,
लो बँडवरचे हौशी रेडिओ परवानाधारक,
कोल्हापूर